ट्रेलर ओढणाऱ्या जुन्या डिझेल पिकअपची निगा आणि दोषशोध

फोर्डच्या एफ-२५० आणि एफ-३५० सुपर ड्यूटी पिकअपमध्ये १९९९ ते २००३ या काळात बसवलेले ७.३ लिटरचे पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन आता वीस वर्षांहून जुने झाले आहे. तरीही अमेरिका आणि कॅनडात घोड्यांचे ट्रेलर, होड्या, शेतीची अवजारे आणि कॅम्पिंगची फिरती घरे ओढण्यासाठी ते आजही मोठ्या संख्येने वापरात दिसते. नॅव्हिस्टार कंपनीने बनवलेले हे आठ सिलिंडरचे इंजिन टी-४४४-ई या नावाने शाळेच्या बसगाड्यांतही बसवले जात असे. त्याचा ब्लॉक आणि दोन्ही हेड बिडाचे आहेत आणि वेळेवर ऑइल मिळाले तर त्याचा गाभा सहसा दगा देत नाही. बिघडतात त्या गाभ्याभोवतीच्या गोष्टी: सेन्सर, रिले, कनेक्टर, रबरी नळ्या आणि ओ-रिंगा (जोड गळू नयेत म्हणून बसवलेल्या रबरी कड्या). अशा गाडीचे मालक पुष्कळदा अंदाजाने महागडे इंजेक्टर बदलून बसतात आणि मूळ दोष एखाद्या सैल कनेक्टरमध्येच राहून जातो. म्हणून या लेखात भाग बदलण्यापेक्षा मोजण्यावर भर दिला आहे. चांगला मल्टिमीटर आणि फोर्डची माहिती वाचू शकणारे फोरस्कॅनसारखे सॉफ्टवेअर, अ‍ॅडाप्टरसह, ही दोन साधने घेतल्याशिवाय या इंजिनाच्या मागे लागू नये. बाजारातले स्वस्त कोड-वाचक यंत्र इंजेक्शनच्या ऑइलचा दाब दाखवत नाही, आणि येथे सगळ्यात आधी पाहायचा असतो तो हाच दाब.

ऑइलचे दुहेरी काम

सामान्य डिझेल इंजिनात ऑइलचे काम वंगणाचे असते. या इंजिनात त्याच ऑइलवर इंजेक्टरही चालतात. इंजिनाच्या वरच्या भागात पुढच्या बाजूला उच्च दाबाचा एक ऑइल पंप आहे. तो ऑइलला सुमारे ५०० ते ३,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) इतक्या दाबाने दोन्ही हेडमध्ये ढकलतो. प्रत्येक इंजेक्टरमध्ये हा दाब एका दट्ट्यावर पडतो आणि तो दट्ट्या डिझेलला कितीतरी अधिक दाबाने सिलिंडरमध्ये फवारतो. इंजेक्टर केव्हा उघडावा हे विजेचा संकेत ठरवतो आणि ऑइलचा दाब किती असावा हे पंपावरचा नियंत्रक व्हॉल्व्ह ठरवतो. याचा अर्थ असा, की ऑइल कमी असेल, फेसाळलेले असेल, अतिथंडीने घट्ट झाले असेल किंवा दाब कोठेतरी गळत असेल, तर टाकीत उत्तम डिझेल असूनही इंजिन सुरू होणार नाही.

म्हणून या इंजिनात ऑइल बदलणे हा इंधनव्यवस्थेच्या निगेचाच भाग आहे. फिल्टर धरून १५ क्वार्ट, म्हणजे १४ लिटरांहून थोडे अधिक ऑइल लागते. डिझेल इंजिनासाठीचे १५डब्ल्यू-४० नेहमीच्या हवामानात योग्य आहे, मात्र कडाक्याच्या थंडीत ५डब्ल्यू-४० सिंथेटिक वापरल्याने सुरू होण्यात स्पष्ट फरक पडतो. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने ५,००० मैलांपलीकडे जाऊ नये, कारण इंजेक्टरमधून सतत दाबले जाणारे ऑइल लवकर झिजते, आणि झिजलेल्या ऑइलचे पहिले लक्षण म्हणजे थंड इंजिनाचे खडखडत, अडखळत चालणे. ऑइल बदलताना गाडीखाली जाणे होतेच, तेव्हा ऑइल पॅनही पाहावा. ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तेथे हा पॅन गंजून पाझरू लागतो, आणि तो नीट बदलायचा तर इंजिन उचलावे लागते. गंजाची सुरुवात दिसताच तो घासून रंगवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पॅन बदलणे मात्र मोठ्या खर्चाचे.

इंजिन फिरते, पण सुरू होत नाही

अशा वेळी एक गोष्ट कधीही करू नये: इथरचा फवारा हवेच्या नळीत मारू नये. या इंजिनात ग्लो प्लग, म्हणजे थंड सिलिंडर तापवणाऱ्या विजेच्या कांड्या आहेत आणि काही गाड्यांत आत येणारी हवा तापवणारा इनटेक हीटरही आहे. तापलेल्या तारेवर इथर पेटले तर पिस्टन किंवा हेडला तडा जाऊ शकतो आणि माणसालाही इजा होऊ शकते.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडीत दोन बॅटऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच वयाच्या व एकाच क्षमतेच्या असाव्यात, कारण एक खराब झाली की ती दुसरीलाही खाली ओढते. स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज १०.५ च्या खाली जात असेल, तर पुढच्या कोणत्याही मोजमापावर विश्वास ठेवू नये. बॅटऱ्या भरून घ्याव्यात, टर्मिनल आणि अर्थिंगच्या तारा घासून स्वच्छ कराव्यात आणि मग पुन्हा पाहावे.

त्यानंतर स्टार्टर फिरवताना डॅशबोर्डवरच्या आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्यावे. काटा जागचा हललाच नाही, तर कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरवर पहिला संशय घ्यावा. क्रँक पुलीशेजारी, इंजिनाच्या पुढच्या आवरणावर बसवलेला हा लहानसा सेन्सर निकामी झाला की इंजेक्टर केव्हा उघडायचे हेच संगणकाला कळत नाही. चालत्या गाडीत तो गेला तर इंजिन कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते, कधीकधी थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते आणि मालकाला बुचकळ्यात टाकते. या सेन्सरच्या तक्रारी इतक्या आल्या, की फोर्डला त्यासाठी गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. तो १० मिलिमीटरच्या एकाच बोल्टवर बसतो. एक सेन्सर आणि एक पाना हातमोज्यांच्या कप्प्यात कायम ठेवावा. ट्रेलर जोडलेला असताना महामार्गाच्या कडेला हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते, टोइंगची गाडी यायला मात्र अर्धा दिवस लागू शकतो.

काटा हलत असेल तर सॉफ्टवेअरवर इंजेक्शन ऑइलचा दाब पाहावा. स्टार्टर फिरवताना इंजिनाची गती किमान १०० आरपीएम आणि हा दाब किमान ५०० पीएसआय असल्याशिवाय इंजेक्टर काम करत नाहीत. दाब चढत नसेल, तर आधी डिपस्टिक पाहावी आणि मग उच्च दाबाच्या पंपाच्या वरची टाकी उघडून पाहावी. तिच्यातले ऑइल झाकणापासून साधारण एक इंच खाली असावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर ही टाकी रिकामी दिसत असेल, तर ऑइल मागे झिरपत आहे, आणि सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो त्याचे कारण तेच असते. टाकी भरलेली आहे आणि तरीही दाब नाही, अशी स्थिती असेल तर नियंत्रक व्हॉल्व्ह काढून त्याच्या ओ-रिंगा तपासाव्यात. त्याच्या मागचा पत्र्याचा नट सैल होऊन पडलेला असणे हेही नेहमी आढळते. येथे पी-१२११ हा कोड मिळाला, तर त्याचा अर्थ हवा असलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब जुळत नाहीत एवढाच आहे. तो पंप खराब असल्याचा निर्वाळा नाही, आणि केवळ या कोडवरून पंप विकत घेणे चूक ठरते.

दाबाचा सेन्सर स्वतःच खोटे बोलत असण्याची शक्यताही तपासावी. तो डाव्या बाजूच्या हेडवर, पुढच्या टोकाला असतो. त्याचा कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसले, तर सेन्सर आतून गळत आहे. कनेक्टर काढून ठेवला की संगणक ठरावीक मूल्य धरून चालतो. तशा स्थितीत इंजिन सुरू झाले किंवा नीट चालू लागले, तर सेन्सर बदलावा.

उरले डिझेल. चावी फिरवली की डाव्या बाजूच्या चेसिसवरचा विजेचा पंप सुमारे वीस सेकंद चालतो आणि शांत जागेत त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आवाज नसेल तर फ्यूज, रिले आणि अपघातात पुरवठा तोडणारा स्विच पाहावा. पंप चालतो पण दाब ५० पीएसआयच्या खाली राहतो, तर फिल्टर बदलावा आणि टाकीतल्या जाळीचा विचार करावा. या काळातल्या पोलादी टाक्यांचे आतले अस्तर पापुद्र्यांसारखे सुटते आणि जाळी तुंबवते, त्यामुळे फिल्टर बदलूनही चढावर गाडी गुदमरत असेल, तर टाकी उतरवून पाहण्याला पर्याय नाही. फिल्टरच्या भांड्यातले पाणी दर महिन्याला काढावे. त्या भांड्याच्या पिवळ्या मुठीच्या व्हॉल्व्हखाली डिझेल ठिबकत असेल, तर आतल्या ओ-रिंगा बदलाव्यात. २००६ मध्ये अमेरिकेत महामार्गासाठी १५ पीपीएम (दशलक्ष भागांत १५) इतक्या कमी गंधकाचे डिझेल आले, तेव्हापासून जुन्या रबराच्या या ओ-रिंगांमधून गळतीच्या तक्रारी वाढल्या. नव्या व्हायटॉनच्या ओ-रिंगा या डिझेलला चांगल्या टिकतात.

केवळ थंडीत त्रास होत असेल

उन्हाळ्यात एका फेऱ्यात सुरू होणारी गाडी हिवाळ्यात पांढरा धूर ओकत, हादरत सुरू होत असेल, तर ग्लो प्लगकडे वळावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डॅशबोर्डवरचा प्रतीक्षेचा दिवा विझला, की ग्लो प्लग बंद झाले असे नसते. कडक थंडीत रिले त्यानंतरही दोन मिनिटांपर्यंत चालू राहू शकतो, म्हणून दिवा विझल्यावरही आणखी थोडे थांबणे लाभाचे ठरते.

रिले इंजिनाच्या वर, फिल्टरच्या भांड्याच्या उजव्या बाजूला असतो. शेजारी तसाच दिसणारा इनटेक हीटरचा रिले असू शकतो, म्हणून तारांचा माग काढून ओळख पटवावी. इंजिन थंड असताना चावी फिरवून दोन्ही मोठ्या टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. बॅटरीकडच्या आणि प्लगकडच्या टोकांत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक असेल, तर रिलेचे आतले संपर्क जळाले आहेत. गरम इंजिनावर ही चाचणी करू नये, कारण तेव्हा संगणक रिले चालूच करत नाही. रिले ठीक असेल तर चावी बंद करून व्हॉल्व्ह कव्हरवरचा कनेक्टर काढावा आणि दोन्ही टोकांच्या दोन-दोन पिनांपासून इंजिनाच्या धातूपर्यंतचा रोध मोजावा. तो २ ओहमच्या आत असावा. एखाद्या पिनेला जोडणीच आढळली नाही, तर प्लग मेला आहे किंवा कव्हरखालचा कनेक्टर जळाला आहे, आणि कव्हर उघडलेच तर दोन्ही पाहावेत. मधल्या पिना इंजेक्टरच्या आहेत. त्यांतून सुमारे ११० व्होल्ट जातात, म्हणून इंजिन चालू असताना किंवा चावी चालू असताना तेथे मीटरची सुई लावू नये.

शून्याच्या आसपासच्या तापमानात ब्लॉक हीटर दोन-तीन तास आधी लावावा. ऑइल पातळ राहिले, की उच्च दाबाचा पंपही लवकर दाब धरतो. डिझेल गोठू नये म्हणून घालायचे द्रव्य डिझेल ढगाळ होण्याआधी टाकीत गेले पाहिजे, नंतर घालून फारसा उपयोग होत नाही.

चढावर ताकद कमी पडणे

ओझ्याखाली ताकद कमी होण्याचे कारण बहुतेक वेळा हवेत सापडते आणि काळा धूर ते सांगतो: डिझेल पुरेसे आहे, हवा कमी पडते आहे. एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण या गाड्यांत नीट बसत नाही, त्यामुळे फिल्टरला वळसा घालून धूळ आत जाते. फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली, तर टर्बोची (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून आत ढकलणाऱ्या यंत्राची) पाती घासत आहेत असे समजून डबा दुरुस्त करावा किंवा बंदिस्त बसणारा दुसरा बसवावा. नंतर टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी जोडण्या पाहाव्यात, त्यांवरचे तेल पुसून क्लॅम्प आवळावेत. मॅनिफोल्डकडून टर्बोकडे जाणाऱ्या दोन नळ्यांच्या जोडांवर आणि केबिनच्या पुढच्या पत्र्यावर काजळी दिसली, तर एक्झॉस्ट गळत आहे. अशा गळतीने बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब घटतो आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते, म्हणजे ओढकाम करणाऱ्या इंजिनाला दुहेरी फटका बसतो. मूळ स्थितीतल्या गाडीत पूर्ण ओझ्याखाली साधारण १५ ते १८ पीएसआय बूस्ट अपेक्षित आहे.

बूस्ट व्यवस्थित आहे, धूर नाही, तरी गाडी मरगळलेली आहे, अशा वेळी बूस्ट मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणारी बारीक रबरी नळी पाहावी. ती चिरली, की बूस्ट वाढलाच नाही असे संगणकाला वाटते आणि तो जास्तीचे डिझेल देत नाही. हा दोष इतक्या वेळा आढळतो आणि त्याची दुरुस्ती इतकी स्वस्त आहे, की तो आधी तपासणेच योग्य. सिलिंडर अडखळत असेल तर डाव्या व्हॉल्व्ह कव्हरवरून जाणारी तारांची जुडी उलगडावी. धातूच्या कडेवर घासून तिचे आवरण फाटते आणि पावसात किंवा खड्ड्यात इंजिन चुकते.

कूलंटविषयी सावधगिरी

या इंजिनाचा सर्वांत महागडा बिघाड कूलंटच्या उपेक्षेतून होतो. डिझेलच्या स्फोटाने सिलिंडरची भिंत कंप पावते, तिच्या बाहेरच्या बाजूला कूलंटमध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटण्यासरशी धातूचा कण उडतो. वर्षानुवर्षे हे चालले, की भिंतीला आरपार छिद्र पडते आणि कूलंट सिलिंडरमध्ये शिरते. मग ब्लॉक वाचवणे कठीण होते. त्यामुळे साध्या हिरव्या कूलंटमध्ये भिंतीवर संरक्षक थर धरणारे पूरक रसायन घालावे लागते, आणि ते पुरेसे आहे की नाही हे चाचणीच्या कागदी पट्ट्यांनी निदान वर्षातून दोनदा पाहावे. रसायन अति झाले तरी गाळ बसतो, म्हणून अंदाजाने ओतू नये. दुसरा मार्ग म्हणजे यंत्रणा नीट धुऊन तिच्यात जड डिझेल इंजिनांसाठीचे दीर्घायुषी लाल कूलंट भरणे. एकूण सुमारे ३० लिटर लागते. दोन प्रकारांची सरमिसळ मात्र करू नये. गाडी विकत घेताना आधीच्या मालकाला मी हाच प्रश्न आधी विचारतो, कारण त्याच्या उत्तरावरून बाकीच्या निगेचा अंदाज येतो.

उष्णता: इंजिनाची आणि गिअरबॉक्सची

ट्रेलर ओढताना डॅशबोर्डवरचे मूळ काटे पुरेसे नाहीत, कारण त्यांवर अंश लिहिलेले नसतात. टर्बोच्या आधीच्या एक्झॉस्टचे तापमान आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान दाखवणारे दोन स्वतंत्र गेज बसवणे, हा या गाडीवरचा मला सर्वांत योग्य वाटणारा खर्च आहे. एक्झॉस्ट १,२५० अंश फॅरनहाइटच्या वर टिकून राहू लागले, की पाय उचलावा आणि खालचा गिअर घ्यावा. जास्त आरपीएमने अधिक हवा मिळते आणि तापमान उतरते. ज्या गाडीत जादा ताकदीची चिप बसवली आहे तिच्यात तर या गेजशिवाय ओझे ओढूच नये.

ऑटोमॅटिक गाड्यांत ४आर१०० हा गिअरबॉक्स आहे. त्याचे तेल २०० अंश फॅरनहाइटच्या आसपास राहिले तर तो बराच काळ टिकतो. २२० च्या वर जाऊ लागले, तर सुरक्षित जागी थांबून, पार्कमध्ये ठेवून, इंजिन चालूच ठेवावे, म्हणजे कूलरमधून तेल फिरत राहील. चढ-उताराच्या रस्त्यावर ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद ठेवावे, कारण सतत वर-खाली होणारे गिअर हेच उष्णतेचे मोठे मूळ असते. ओव्हरड्राइव्ह बंद असल्याचा दिवा लुकलुकत असेल, तर तो बिघाडाचा इशारा आहे आणि कोड वाचल्याशिवाय पुढे ओझे नेऊ नये. तेलाची पातळी इंजिन चालू, तेल गरम आणि गाडी सपाट जागी असताना पाहावी. मर्कॉन व्ही हे तेल चालते. जळका वास किंवा काळपट रंग आढळला, तर केवळ तेल बदलून समाधान मानू नये.

कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांहून उंच जातो. अशा घाटात चढताना इंजिनाची कसोटी लागते आणि उतरताना ब्रेकची. या पिकअपला कारखान्यातून एक्झॉस्ट ब्रेक मिळत नसे. त्यामुळे उताराच्या तोंडाशीच खालचा गिअर घ्यावा, वेग वाढू लागल्यावर घेऊ नये. ब्रेक सतत घासत ठेवण्यापेक्षा ठामपणे दाबून वेग कमी करावा आणि पूर्ण सोडावा. माथ्यावर किंवा विश्रांतिस्थळी थांबल्यावर इंजिन बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे मोकळे चालू ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळत नाही.

ओझे, हिच आणि ट्रेलरचे ब्रेक

इंजिन ओढू शकते म्हणून गाडी पेलू शकते, असे नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडीचे आणि प्रत्येक आसाचे कमाल वजन लिहिलेले असते, मात्र पिकअप आणि ट्रेलर मिळून किती चालेल हा आकडा पुस्तिकेतच मिळतो. ट्रक-थांब्यांवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. सामान भरून, टाकी भरून, माणसे बसवून एकदा वजन करून घ्यावे. साध्या हिचवर (ट्रेलर जोडण्याच्या जोडावर) ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार यावा. तो कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो, आणि तो दोष स्टिअरिंगने सावरता येत नाही.

ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकची ताकद २५ मैल वेगाने, सपाट मोकळ्या रस्त्यावर, केवळ कंट्रोलरची मूठ दाबून ठरवावी: चाके जाम होईपर्यंत वाढवून थोडी कमी करावी. ब्रेक कधी लागतात, कधी लागत नाहीत, अशी तक्रार असेल तर सात पिनांच्या कनेक्टरमधील पांढरी अर्थिंगची तार आधी पाहावी. ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणाऱ्या स्विचची पिन ओढून ट्रेलर थोडा पुढे नेऊन पाहावा. चाके अडली पाहिजेत, आणि चाचणीनंतर पिन लगेच परत बसवावी. चाकांची बेअरिंगे दर १२,००० मैलांनी किंवा वर्षातून एकदा उघडून, धुऊन, नव्या ग्रीसने भरावीत. ज्या ट्रेलरची चाके होडी उतरवताना पाण्यात जातात, त्याच्यासाठी वर्ष हाही लांबचा काळ आहे. टायरच्या बाजूवरच्या तारीख-संकेताचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे टायर नक्षी शाबूत असूनही महामार्गावर फुटतात, म्हणून येथे नक्षीपेक्षा वय पाहावे.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू अशा: कॅम सेन्सर, ग्लो प्लगचा रिले, इंधन फिल्टर, दोन गॅलन ऑइल, एक गॅलन कूलंट, फ्यूज, बूस्टच्या नळीचा हातभर तुकडा, मल्टिमीटर आणि मिलिमीटरच्या पान्यांचा संच. त्यांच्याबरोबर एक वही ठेवावी आणि गाडी निरोगी असतानाच थंड व गरम इंजिनाचा ऑइल दाब, स्टार्टर फिरतानाचे व्होल्टेज, डिझेलचा दाब आणि ओळखीच्या चढावरची तापमाने तिच्यात तारखेसह लिहून ठेवावीत, कारण पुढे बिघाड झाला तर तुलनेला हीच मोजमापे लागतात.